पिवळीचं बारसं

आमच्या शहरात मेट्रोच्या लाल, निळ्या आणि पिवळ्या मार्गांना नवी नावं द्यायचं महापौर हिंदुराव ढमाल्यांच्या डोक्यात आलं. जाहीर सभेत ते गरजले, "रंग ही काय नावं झाली? उन्नती, प्रगती, उत्कर्ष म्हणा!" मग जो कल्लोळ उठला, त्यात कोण कशासाठी भांडतंय तेच कळेना.

तेवढ्यात यमुताई परांजपे उठल्या. "साहेब, उद्या ह्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय. कुठल्या गाडीत बसू?"

"प्रगतीत. नाही, उन्नतीत... थांबा, उत्कर्ष..." महापौरांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव छताकडे बघत होते.

महापौर वैतागले. "अहो बाई, सरळ पिवळीत बसा ना!"

"मिटलं तर मग," यमुताई खाली बसत म्हणाल्या. "ठरावात हेच नाव घाला."