सोनेरी पोथीतून गळालेला अध्याय

छापखाने नव्हते आणि पोथ्या हातानेच लिहीत, त्या काळी नदीकाठच्या एका गावात एक देशमुखीणबाई राहत असत. गावात पोथी एकच, गावदेवीची, तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती, आणि ती त्यांच्या घरात. दुपारी कामं उरकून बायका ओसरीवर जमत आणि देशमुखीणबाई त्यांना वाचून दाखवत. वाचता येणाऱ्या बाई गावात आता त्या एकट्याच, त्यामुळे जरा तोराही असे.

पोथीचा शेवटचा अध्याय मात्र ओसरीवर कधी वाचत नसत. तो वाचायचा शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाच्या उशाशी. जीव गेल्यावरची वाट कशी असते, देवी कुठे भेटते, ते सगळं त्यात होतं. सासूबाई होत्या तोवर त्या घरोघर जाऊन तो वाचत, नातीलाही बोटाला धरून नेत. त्या गेल्या आणि ते काम मागे पडलं. देशमुखीणबाईंना तो अध्याय अशुभ वाटे. त्या पानांना त्या हातही लावत नसत.

पुढे पोथी जुनी झाली, कडा झडू लागल्या. बाईंनी परगावच्या चिताऱ्याला बोलावलं. नवी पोथी सोन्याच्या शाईची हवी, पानोपानी चित्र हवं, आणि प्रत्येक चित्रात देवीपुढे बसून पोथी वाचणाऱ्या त्या स्वतः हव्यात. हौसच ती. चितारी कामाला लागला, पण चित्रांनी जागा खाल्ली आणि कागद संपत आला.

तो म्हणाला, "बाईसाहेब, शेवटचा अध्याय बसत नाही. चित्रं थोडी कमी करू, नाहीतर नवा कागद येईपर्यंत थांबू."

कागद लांबून यायचा, वर्ष तरी गेलं असतं. देवीचा उत्सव तर तोंडावर आला होता आणि पाहुण्यांना आमंत्रणंही गेली होती.

"राहू दे तो अध्याय," बाई म्हणाल्या. "माझ्या चित्राशेजारी मरणाचं बोलणं नकोच."

नवी पोथी देव्हाऱ्यात आली की जुनी नदीला द्यायची, अशी रीत होती. उत्सवात हळदकुंकू वाहून ती सोडलीही. बायकांनी नवी चित्रं डोळे भरून पाहिली, बाईंना धन्य वाटलं. अध्याय गळाल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. धडधाकट माणसांना तो लागतो कशाला!

त्याच हिवाळ्यात बाईंची मुलगी तापाने अंथरुणाला खिळली. वैद्यांनी हात टेकले. पोरीला सगळं कळत होतं, आणि एकटीने जायची तिला फार भीती वाटत होती.

ती म्हणाली, "आई, आजी वाचायची ना, तो अध्याय वाच. देवी कुठल्या वळणावर भेटते, ते मी विसरले गं."

बाईंनी पोथी मांडीवर घेतली. पान उलटलं की त्यांचंच चित्र, पुन्हा उलटलं की पुन्हा तेच. अखेर त्या मनाने रचून सांगू लागल्या. वाटेवर उजेड आहे, देवी दारातच उभी आहे, असं काहीबाही. मुलीने थोडा वेळ ऐकलं.

"हे पोथीतलं नाही, आई. आजी असं नव्हती वाचत."

दुसऱ्या दिवशी ती गेली, तेव्हा आईचा पदर तिच्या मुठीत होता. मूठ सोडवताना बायकांना रडू आवरेना.

दिवसकार्य झाल्यावर बाईंनी चिताऱ्याला पुन्हा बोलावलं. माझं एकूण एक चित्र खरवडून काढा आणि तिथे तो अध्याय लिहा, म्हणाल्या. दुसऱ्या कुणाच्या लेकरावर ही पाळी यायला नको होती.

चिताऱ्याने चित्रं खरवडली. मोकळ्या पानांपुढे बसून त्याने बोरू शाईत बुडवला.

"सांगा बाईसाहेब, काय लिहू?"

बाईंनी जमलेल्या बायकांकडे पाहिलं. कधी ना कधी तो अध्याय सगळ्यांनीच ऐकला होता, पण रडण्याच्या भरात. एकीलाही ओळ आठवेना. चितारी वाट पाहत राहिला आणि बोरूवरची शाई वाळून गेली.

तात्पर्य काय, तर कठीण वेळी लागणारे शब्द सुखाच्या दिवसांत नकोसे वाटतात, म्हणून ते टाकून देऊ नयेत. वेळ आली की ते मागूनही मिळत नाहीत.