धामणखोलचं भोपळ्याचं लग्न

या, इथे कुंपणापाशी उभे राहा. आत जायचं नाही, आत आज मुलींचं राज्य आहे. श्रावणातल्या या एका सकाळी धामणखोलच्या प्रत्येक घरामागच्या परसात भोपळ्याच्या फुलांचं लग्न लागतं, आणि ते मुलीच लावतात. आळ्यांतला चिखल तुडवतात, मांडवाखाली शिवाशिवी खेळतात, कोवळ्या काकड्या तोडून तिथेच खातात, आणि कोणी ओरडत नाही. ओरडणारे सगळे हे असे बाहेर उभे असतात: घरोघरचे कर्ते पुरुष, हात मागे बांधून, एरंडेल प्यायल्यासारखी तोंडं करून.

वेशीवरचा फलक वाचला असेल तर विसरा. भिवबा तात्यांनी उपास केला, देवी प्रसन्न झाली आणि वेलाला फळ धरलं, असं त्यावर लिहिलंय. फलक भावकीतल्या म्हाताऱ्यांनी लावलाय. गावातल्या बायका सांगतात ते निराळं आहे, आणि फलकापेक्षा फार जुनं.

असं सांगतात की भिवबा तात्यांच्या परसातले भोपळे एके काळी सगळी भावकी खायची. ते परस त्यांच्या बायकोचं. ती तात्यांना तिथे पाय ठेवू द्यायची नाही, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा शहाणपणा. ती गेली आणि म्हातारा परसाचा मालक झाला. पोरांच्या पायांनी वेल नासतो म्हणून धाकट्या मुलीला, भागीला, आणि तिच्या मैत्रिणींना त्याने आधी हाकललं. त्याच वर्षी घरात नवी सून आली, सगुणा. बिया तिने लावल्या, आळी तिने केली, पाणीही तिनेच घातलं. तात्यांचं काम एकच, दोष काढण्याचं.

भोपळ्याला दोन तऱ्हेची फुलं येतात. एकाच्या बुडाशी इवला गोल भोपळा असतो, ती मादी. दुसरं नुसत्या लांब देठावर उभं, तो नर. नराची पिवळी पूड मादीला लागली तरच फळ धरतं. जन्मभर परसातले भोपळे खाल्लेल्या माणसाला एवढं कळू नये? तात्यांना नाही कळलं. विचारायची लाज, आणि सांगायची भारी हौस.

“ही बिनफळाची फुलं नुसता वेलाचा रस पितात. ऐतखाऊ मेली!” असं म्हणत म्हातारा रोज उजाडता उजाडता नराची फुलं झाडून सगळी खुडायचा आणि सुनेपुढे टाकायचा. “भजी कर.”

ती भजी करायची, हा खायचा. इकडे मादीची फुलं वाट बघून पिवळी पडायची आणि गळायची. गळालेली बोंडं गोळा करून तात्या ओटीवर मांडायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे. “बघा, सुनेचा हात वांझ आहे.” शेवटी भावकीसमोर त्यांनी सांगून टाकलं, गौरी जेवायच्या आत वेलाला भोपळा दिसला नाही, तर सूनबाई माहेरी जाईल, ती परत न येण्यासाठी. भावकीतल्या एका तरी म्हाताऱ्याने तोंड उघडावं? माना डोलावल्या. भजी त्यांनीही खाल्ली होती. वर तात्यांनी नवस बोलून उपास धरला. उपासाला भजी चालत होती म्हणे.

एका सकाळी तात्या देवळात गेलेले बघून मुली कुंपणातून आत शिरल्या. त्यांना फुलांचं लग्न लावायचं होतं.

“अगं, इथे नुसत्या नवऱ्या आहेत,” भागी म्हणाली. “नवरे तात्यांनी खाल्ले.”

मग त्यांनी उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलावरून नवरे आणले. नवऱ्यांची मुंडाशी म्हणून पाकळ्या उतरवल्या, प्रत्येक नवरीच्या तोंडाला तोंड लावलं, पिवळी हळद माखली, आणि सावधान म्हणून पळाल्या.

गौरी जेवायला बसायच्या दिवशी वेलाला नारळाएवढे भोपळे लटकत होते. तात्यांनी भावकी गोळा केली आणि आपल्या उपासाचं पुण्य सांगायला लागले. “राहू दे सूनबाईला घरात,” असंही उदारपणे म्हणाले.

“उपास कसला, तात्या?” भागी मध्येच ओरडली. “ नवरे तुम्ही खाल्ले! आम्ही उकिरड्यावरून आणले तेव्हा लग्न लागलं.”

तात्यांनी भागीवर हात उगारला. मध्ये सगुणा उभी राहिली, हातात भोपळ्याच्या भाजीचं पातेलं.

“वैनी, मला मारतील गं.”

“नाही मारणार.” मग ती सासऱ्याकडे वळली. “मामंजी, गौरीचं पान मांडलंय. नवरे कोणी खाल्ले, ते सगळ्यांसमोर सांगा, मग वाढते. नाहीतर गौर उपाशी जाईल आणि पातेलं घेऊन मी आपणहून माहेरी जाईन.”

गौर उपाशी ठेवायची हिंमत कोणात होती? बराच वेळ खाकरून म्हातारा म्हणाला, “मी.” भावकीने खाली बघितलं. सगुणाने पान वाढलं, आणि पुढच्या श्रावणात परसाचं फाटक आतून लावून घेतलं, असं सांगतात.

आजही लग्न लागलं की मुली आतून ओरडून विचारतात, “नवरे कोणी खाल्ले?” बाहेरच्यांपैकी सगळ्यात वडीलधाऱ्याने “मी” म्हटल्याशिवाय फाटक उघडत नाही. पुटपुटलं तर मुली पुन्हा विचारतात. आणि आमचे हे वडीलधारे, ज्यांना त्याचा अर्थ कधी विचारावासाही वाटला नाही, ते डोळे मिटून, छाती फुगवून, आरतीत म्हणावं तसं मोठ्यांदा म्हणतात, “मी!”