नाव ठेवायला जागा

राजे झुंझाररावांच्या पुस्तकाला वाचकांचे अभिप्रायच येईनात!

हे राजे फणसगडचे. आता राजांच्या काळात मोबाइल कुठून आले असं विचाराल, तर गोष्ट माझी आहे. आले म्हटलं की आले. तर राजांनी आपल्या शिकारीच्या गोष्टी लिहिल्या, त्याला ‘झुंझारपराक्रम’ असं ठसठशीत नाव दिलं आणि पुस्तक ऑनलाइन दुकानात ठेवलं. लोकांनी ते घेतलंही. राजाचं पुस्तक, न घेऊन सांगतात कुणाला? पण वाचून झाल्यावर चांदण्या द्यायची, दोन ओळी लिहायची जी जागा असते, ती अगदी कोरडी ठणठणीत. राजे जेवायला बसले तरी एक डोळा ताटात आणि एक फोनात.

प्रधान केशोपंतांनी आधी सगळ्या कारकुनांना लिहायला बसवलं. पठ्ठ्यांनी एकच ओळ एकमेकांची बघून उतरवली, ‘अप्रतीम पुस्तक’, आणि तीही एकाच चुकीसकट. दुकानवाल्यांनी लबाडी ओळखून सगळं पुसून टाकलं. मग पंतांनी अभिप्रायामागे पेढे लावले. लोक आले, पेढे खाल्ले आणि लिहून गेले, ‘पेढे ताजे होते. पाच चांदण्या.’

राजे भडकले.

“म्हणजे या गावात कुणी वाचतच नाही! मग ते वाचनालय काय माश्या मारायला ठेवलंय? दसऱ्यापर्यंत शंभर जणांनी मनापासून लिहिलं तर ठीक. नाहीतर तिथली पुस्तकं बाहेर आणि माझ्या मोटारी आत! आणि सांगून ठेवतो, हुकूम सोडायचा नाही, खाऊ वाटायचा नाही, ‘अभिप्राय द्या हो’ करत कुणाच्या दारात जायचं नाही. राजानं काय भीक मागायची?”

पंतांनी कपाळाला हात लावला. पण खरी धास्ती घेतली ती सारजानं. सारजा ही मळेकऱ्याची लेक. भाजीची टोपली रिकामी झाली की ती वाचनालयात जाऊन बसे ती दिवेलागणीलाच उठे. घरात पुस्तक नावाला नव्हतं. वाचनालय गेलं तर आपलं वाचणंच गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती तडक दरबारात गेली.

“महाराज, तुमचं पुस्तक वाचलं मी. पार शेवटच्या पानापर्यंत.”

राजे खुलले. “मग? कसं काय वाटलं?”

“नाव ठेवायला जागा नाही.”

“ऐका, पंत, ऐका!”

“तेच तर चुकलंय, महाराज,” सारजा म्हणाली. “सगळं तुम्हीच बोलून टाकलंत. वाचणाऱ्यानं तोंड घालायचं कुठून? थोडी जागा ठेवा की.”

“म्हणजे करू काय?”

“नव्या छपाईत वरचं नाव काढा, पुठ्ठा कोरा ठेवा. शेवटच्या पानावर वाघ पडतो ना, त्याच्या लगेच खाली एवढंच छापा, ‘या पुस्तकाला नाव ठेवा.’ आणि शेजारी तो ठिपक्यांचा चौकोन टाका. त्याच्यावर फोन धरला की थेट लिहायची जागा उघडली पाहिजे. माणूस दुकान शोधत बसला की तोवर वाचलेलं निवतं.”

राजांना कल्पना भलतीच आवडली. “म्हणजे माझ्या लेकराचं बारसं प्रजेनं करायचं! छापा, पंत, छापा.”

आणि फणसगडची माणसं काय सांगू तुम्हाला! चांगलं म्हणा म्हटलं की यांच्या तोंडात मिठाची गुळणी. पण नाव ठेवा म्हटल्यावर कोण मागे राहतोय?

कोपऱ्यावरच्या शिंप्यानं लिहिलं, ‘पुनर्जन्म असं नाव ठेवा. तिसऱ्या गोष्टीत मेलेला वाघ पाचवीत डरकाळी फोडतो.’ शाळेतल्या बाईंनी लिहिलं, ‘मी, मी आणि मी. हेच नाव शोभेल.’ एका आजींनी नातीकडून लिहून घेतलं, ‘भित्रा माहूत ठेवा. त्याची गोष्ट ऐकून हसता हसता ठसका लागला. त्याच्यावर आणखी लिहा, राजांचं कमी केलं तरी चालेल.’ मग लोक एकमेकांच्या नावांना नावं ठेवू लागले. ज्यांनी पुस्तक घेऊन नुसतं फळीवर टाकलं होतं, त्यांनाही भांडणात उतरायचं म्हणून ते वाचावं लागलं. दसरा लांबच होता आणि शंभराचा आकडा कधीच मागे पडला होता.

राजांनी सारजाला बोलावून घेतलं. चेहरा लालबुंद.

“मी नाव ठेवायला सांगितलं होतं. तू अख्ख्या गावाला नावं ठेवायला लावलीस! कुणाच्या दोन चांदण्या, कुणाच्या तीन! याला अभिप्राय म्हणतात? पंत, वाचनालयाची किल्ली आणा इकडे.”

सारजानं पदर खोचला.

“महाराज, परवा वाड्यावर पंगत झाली. भाजी खारट झाली, असं कोण म्हणालं?”

“जेवायला बसले होते ते सगळेच म्हणाले.”

“आणि जे आलेच नाहीत ते?”

“ते कसे म्हणतील? त्यांनी खाल्ली कुठे?”

“मग ही सगळी पोटभर जेवून उठलेली माणसं आहेत, महाराज. न वाचता तिसरीतला वाघ पाचवीत सापडतो होय?”

राजांच्या मिशीच्या टोकाला हसू आलं, गालात शिरलं, आणि ते असे खदाखदा हसले की पंतांनाही भीत भीत हसावं लागलं.

“मोटारी राहू द्या उन्हात,” राजे डोळे पुसत म्हणाले आणि त्यांनी वाचनालयाची किल्ली सारजाच्या हातात ठेवली. “आजपासून तिथला कारभार तुझा. नवी पुस्तकं तू निवडायचीस, खर्च माझा. आणि त्या माहुतावर पुस्तक लिहायला घेतोय मी. ते सगळ्यात आधी तुझ्याकडे येईल. नावं ठेवताना हात आखडू नकोस.”