देवरे मास्तरांची जळजळ

"मग खाऊ तरी काय, ते सांगा!"

देवरे मास्तरांचा आवाज चढला. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. विचारलं की लगेच उत्तर मिळायची सवय.

समोर शंभुगिरी बाबा. गिरणा नदीकाठच्या मठीत भाकरी थापत बसलेले.

"तिखट सोडलं. चहा सोडला. रात्रीचं जेवण सातच्या आत. खाटेला डोक्याकडून विटा लावल्या, डाव्या कुशीवर झोपतो. डॉक्टर म्हणाले, मोठं काही नाही. तरी जेवलो की छातीत आग... घशाशी आंबट येतं."

"सगळं बरोबर करताय," बाबा म्हणाले. "जेवायला थांबा."

दोन ताटं मांडली. भाकरी, मुगाचं वरण, दुधीची भाजी.

बाबा तिसरा घास चावत होते, तेवढ्यात मास्तर हात धुऊन आलेसुद्धा.

"रोज असंच?"

"चाळीस वर्षं. सात मिनिटांत जेवण. शाळेची घंटा एकदाही चुकवली नाही."

"आता कुठली घंटा?"



बाबा सावकाश चावत राहिले. मग म्हणाले, "घरी वाढायचं कोण?"

"सिंधू. माझी बायको... दोन वर्षं झाली तिला जाऊन."

"ती कशी जेवायची?"



"ती मागून जेवायची. मी उठल्यावर."

"पाहिलंत कधी?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"एकदा म्हणाली होती, 'आज बसा ना जरा, मीही वाढून घेते.' साहेब तपासणीला यायचे होते. मी चपला घातल्या."

"आले साहेब?"

"नाही आले..."

त्यांनी रुमाल काढला. चष्मा पुसला, मग डोळे.

"संसार केला तिच्याबरोबर, बाबा. पण तिला जेवणात काय आवडायचं, ते मला सांगता येणार नाही. विचारायलाही आता..."



बाबांनी आपल्या ताटातली भाकरी मोडली. अर्धी मास्तरांच्या रिकाम्या ताटात ठेवली.

"बसा, मास्तर. माझं जेवण अजून व्हायचंय."