जोड मारून मिळणार नाही

एकदा एक म्हातारा मिस्त्री हुता. तालुक्याच्या गावात पिठाच्या गिरणीला लागून त्याची टपरी. इलेक्ट्रिक शेगडी, इस्त्री, पाणी तापवायची कांडी, जे जे कॉइलवर तापतं ते तो दुरुस्त करायचा. नाव गुणाप्पा, पण सगळी त्याला अण्णाच म्हणायची. माणूस कमी बोलायचा. त्याच्या टपरीवर एक पाटी हुती, ऑइलपेंटनं लिवलेली: तुटलेल्या कॉइलला जोड मारून मिळणार नाही.

आता आपल्याकडं शेगडीची कॉइल तुटली तर माणूस काय करतो? जळकी टोकं मोडून टाकतो, उरलेली तार ओढून एकात एक अडकवतो, पक्कडीनं पीळ देतो, झालं काम. चहा व्हायच्या आत शेगडी चालू. ह्यो म्हातारा तेवढं काय करायचा न्हाई. नवी कॉइल घाला म्हणायचा, न्हाईतर उचला शेगडी. लोकं म्हणायची, म्हाताऱ्याला मस्ती आलीया. पर नव्या कॉइलवर तो एक रुपया नफा घ्यायचा न्हाई, हे बी त्याच लोकांना ठावं हुतं. मग पाटी कशापायी? कुणी विचारलं न्हाई.

त्याच्या हाताखाली सर्जा शिकायला हुता. लेकरू न्हवं, पस्तिशीचा बाप्या. हातात कला, पर डोकं म्हंजे फोडणीची कढई, पाण्याचा थेंब पडला की तडतड. बायको हौसा. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून सर्जानं भरलं ताट भिंतीवर भिरकावलं, तशी ती परवा भावाच्या गावाला निघून गेली हुती. पाचव्यांदा.

दुपारची वेळ. सर्जा टपरीत बसून धूर ओढायचा पेन खोलत हुता. बिडीचा वास हौसाला सोसत न्हवता म्हणून त्यानं बिडी सोडली, आन एका ट्रकवाल्या दोस्तानं ह्यो पेन गळ्यात घातला. विकायला बंदी हाय, तरी लोकं चोरून ओढत्यात. आत बारकी बॅटरी, बारकी कॉइल, तिच्याभोवती कापूस, कापसात औषधावानी पाणी. कॉइल तापली की पाण्याची वाफ हुती, ती ओढायची.

"काय करतुयास?" अण्णानं विचारलं.

"वाफ कमी येत हुती. आठ वेढ्यांची कॉइल हुती, मी तीन वेढ्यांची केली. आता बघा ढग कसा निघतोय."

सर्जानं झुरका मारला. ढग निघाला खरा. दुसरा झुरका मारला. तिसऱ्याला असा ठसका लागला की डोळ्यांतनं पाणी आलं. आतला कापूसच जळला हुता. टपरीभर करपट वास.

"मीटर लाव," अण्णा म्हणाला.

"जळाली हो ती. आता काय लावायचं?"

"लाव म्हणतो ना."

सर्जानं मीटर लावला. अर्ध्या ओहमच्या जरा वर.

"आधी किती हुता?"

"दीड."

"बॅटरी बदललीस?"

"न्हाई. तीच, पावणेचार व्होल्टची."

"मग ऐक. व्होल्ट म्हंजे ढकलणारा जोर. ओहम म्हंजे तार त्याला किती अडवती ते. आन वॅट म्हंजे त्यातनं निघती ती आग. जोर तेवढाच ठेवलास, अडवणारी तार कमी केलीस. नऊ वॅटाची आग पंचवीसवर गेली. कापूस बिचारा नऊवाला हुता."

"एवढंच ना? फुडल्या बारीला ध्यानात ठेवतो." सर्जानं पेन फडक्यात गुंडाळला आन पिशवी उचलली. "अण्णा, मी जरा लवकर निघतो. हौसाला आणाया जायचंय."

"पिशवीत काय हाय?"

"साडी. मोरपंखी. मागल्या बारीला डाळिंबी नेली हुती. तुमी काळजी करू नका, साडी दिली, चार शब्द ग्वाड बोललो की येती. आन खरं सांगू? जोडून आणली की पयल्यापेक्षा झ्याक वागती. आठ दिस नव्या नवरीवानी. माझ्या आधी उठती, न मागता चहा देती, एक शब्द उलट न्हाई."

अण्णा उठला, फळीवरची कोरी कॉइल काढली, शेगडीत बसवली, मीटर लावून दावला. पन्नास ओहम. आन पक्कड घेऊन मधोमध कटकन तोडली.

सर्जा हडबडला. "आवं अण्णा! कोरी हुती की!"

"जोड मार."

"पाटी तुमीच लावलीया न्हवं?"

"सर्ज्या, जोड मार."

सर्जानं जोड मारला. अण्णानं बटन दाबलं. कॉइल लाल झाली. बटन बंद केलं, थंड होऊ दिली, परत तोडली, आन ह्या बारीला बोटभर तुकडा काढून फळीवर ठेवला. "जोड."

असं पाच वेळा झालं. दर खेपेला बोटभर तार कमी. दर खेपेला उरलेली तार ताणून सर्जा जोडायचा आन दर खेपेला शेगडी आधीपेक्षा लाल दिसायची. चौथ्या बारीला गिरणीवाला दळण टाकून बघाया आला. म्हणाला, "काय पेटलीया हो! माझ्या घरची असली न्हाई पेटत. हीच द्या मला."

"बघ," अण्णा म्हणाला, "गिऱ्हाइकाला आवडली."

पाचव्या जोडीला मीटर तीस ओहमवर आला. बटन दाबलं तशी कॉइल लाल न्हवं, पिवळी झाली. खालची मातीची थाळी तडकली. ठप्प असा आवाज झाला, आन गाठीपाशीच तार तुटून दोन टोकं उडाली. तुकडा हातात घेतला तर चुरा झाला. जोडण्यासारखं काय उरलंच न्हवतं.

गिरणीवाला गुमान दळणाकडं गेला.

अण्णा खाली बसला. म्हणाला, "भिंतीतली वीज तीच हुती. दोनशेतीस. पयल्यापास्नं शेवटापर्यंत तीच. तशीच घरातली हाय. तुझा ताप, तुझ्या आईची बोलणी, पाण्याच्या खेपा, कमी जास्त मीठ. जोर बदलत न्हाई. अडवून धरती ती हौसाच्या सोसण्याची तार. आन दर भांडणाला तू तिची बोटभर तोडून टाकतोस. मग साडीची गाठ मारतोस. गाठीनं तार जुळती सर्ज्या, वाढत न्हाई. ती न मागता चहा देती, उलट बोलत न्हाई, ती माया हाय असं वाटतं तुला? ती आखूड झालेली तार हाय. भ्याली हाय ती. म्हणून उजेड जास्त दिसतोय."

सर्जाच्या कपाळाची शीर उडाया लागली. "तुमाला काय ठावं माझ्या घरातलं?"

"तुझ्या घरातलं ठावं न्हाई. माझ्या घरातलं सांगतो." अण्णाचा आवाज तसाच हुता, वर न्हाई, खाली न्हाई. "मी अकरा गाठी मारल्या. माझी सुंदरा बाराव्या बारीला माहेरी गेलीच न्हाई. मला वाटलं, सुधारली. ती घरातच हुती. भाकरी टाकायची, पाणी ठेवायची. बोलायची तेवढी बंद झाली. नऊ वर्सं. मरताना मी म्हणलं, अगं, एकदा शिवी तरी दे. तिनं तोंड भिंतीकडं केलं. तिच्या दहाव्याच्या दिसाला ही पाटी लावली मी."

सर्जा म्हणाला, "मग मी काय करू? बायको काय कॉइल हाय, नवी आणून घालाया?"

"न्हाई. नवी तार तुझ्यात घालायचीया. तिची किती उरलीया ते तिला विचार. आन ती जे सांगंल ते सोस."

सर्जा गेला. साडी टपरीतच राह्यली, पेनच्या शेजारी.

भावाच्या अंगणात हौसा शेंगा फोडत बसली हुती. मेव्हणा दारातनंच म्हणाला, "या दाजी. ह्या खेपेला कुठला रंग?"

हौसानं वर बघितलं न्हाई. म्हणाली, "द्या इकडं. ट्रंकेत जागा करते."

"काय आणलं न्हाई," सर्जा म्हणाला. तिच्यापास्नं चार हात लांब खाली बसला. "न्यायला बी आलो न्हाई. एक विचारायचंय. तुझ्यात माझ्यापायी किती उरलंय?"

शेंगा फोडणारा हात थांबला. ह्याच्या आधी चार वेळा ह्यो माणूस आला हुता, पर असलं काय कधी इचारलं न्हवतं. तिनं खरंच इचार केला. घरात डबा हुडकताना करतात तसा, ह्या कोपऱ्यात बघितलं, त्या कोपऱ्यात बघितलं.

"न्हाई वो," ती म्हणाली. आवाजात राग न्हवता, तेच वाईट हुतं. "मागल्या बारीलाच संपलं हुतं. तवा इचारलं असतं तर थोडं हुतं. तवा तुमी साडी आणलीसा."

कपाळाची शीर एकदा उडाली. सर्जानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. शीर बसली. मेव्हण्यानं तांब्या दिला, त्यो पाणी प्याला, तिच्यापुढच्या ढिगातल्या दोन मुठी शेंगा गुमान फोडून दिल्या आन उठला. ती फाटकापर्यंत आली न्हाई. पर तो वळणाला लागेपर्यंत शेंगा फुटल्याचा आवाज आला न्हाई, एवढं त्यानं ऐकलं.

दुसऱ्या दिशी तो टपरीत आला. अण्णानं तोंडाकडं बघितलं आन समजला. तरी विचारलं.

"काय म्हणाली?"

"संपलं म्हणाली."

"चिडलास?"

"आलती शीर वर. बसवली."

अण्णानं चहाचा कप त्याच्यापुढं सारला. "मग बोटभर तार नवी झाली तुझी."

"तिच्या काय कामाची आता?"

"तिच्या न्हाई," अण्णा म्हणाला. म्हाताऱ्याचे डोळे भरले हुते, त्यानं ते पुसले न्हाईत. "माझी बी अशीच झाली. उशिरा."

मोरपंखी साडी अजून त्या टपरीच्या फळीवर हाय. धूळ बसली की सर्जा फडक्यानं झटकतो, घडी मोडत न्हाई. आन कुणी तुटकी शेगडी घेऊन आलं, "जोड मार की रं, पाच मिनटाचं काम," म्हणालं, की आधी त्याला बसवून चहा पाजतो आन मग न्हाई म्हणतो.

ज्याच्या घरात भांडणानंतर लई उजेड पडतो, त्यानं आज घरी जाऊन साडी देऊ नये. विचारावं.