माहुताने खाल्लेला खुराक

फार पूर्वी शोण नदीच्या काठी शोणवती नावाच्या नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने हत्तीच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव भद्रदंत. तो आठ दिवसांचा असताना त्याची आई दलदलीत रुतून मेली. तेव्हा राजाच्या हत्तीशाळेतला माहूत वेणुक याने ते पोर घरी आणले आणि त्याची बायको उत्पला हिने गाईचे दूध व तांदळाची पेज पाजून त्याला जगवले.

उत्पलेला मूलबाळ नव्हते. शेजारणी तिला चिडवत, "अगं, दूध पाजून पाजून दारात डोंगर वाढवतेस की काय!"

उत्पला म्हणे, "वाढू दे. माझा डोंगर एका हाकेत धावून येतो. तुमची पोरं येतात का?"

बोधिसत्त्व असल्यामुळे भद्रदंताला माणसांची वाणी येत होती, पण ती तो जपून वापरी. वेणुकाला तो बाबा म्हणे आणि उत्पलेला आई. त्याची राहणी साधी होती. पहाटे नदीत डुंबायचे, ओल्या अंगावर धूळ उडवून घ्यायची आणि वेणुकाबरोबर दोन कोस चालत कुरणात जायचे. तिथे कोवळे गवत, बांबूचे कोंब, उंबराचा पाला खायचा. ऊस मिळाला तर ऊस. पोट भरले की त्याची सोंड खाली येई. मग उत्पलेने केळ्यांचा घड समोर धरला तरी तो म्हणे, "आता नको, आई. उद्या भूक लागेल तेव्हा दे." उत्पला लटकेच रागावे आणि मनातून सुखावे.

अशी पंचवीस वर्षे गेली. एका वर्षी शेजारच्या राजाशी शरद ऋतूत हत्तींची झुंज ठरली. आपला हत्ती उग्र व्हावा म्हणून विजितसेनाने आज्ञा केली, की भद्रदंताला रोज खास खुराक द्यावा. रोज दोन बोकड कापले जात. त्या मांसाचे तुपात घोळलेले नारळाएवढे पाच गोळे आणि मद्याचा एक घडा राजाच्या स्वयंपाकघरातून येई.

त्या नगरात एक रिवाज होता. राजाकडून आलेले भांडे रिकामेच परत गेले पाहिजे. ज्या माहुताचे भांडे भरलेले परत जाई त्याचे काम सुटे आणि त्याचा हत्ती दुसऱ्याच्या हाती दिला जाई.

पहिल्या दिवशी वेणुकाने भांडे पुढे ठेवले. भद्रदंताने वास घेतला आणि सोंडेने ते हळूच मागे सारले.

"खा रे लेका," वेणुक म्हणाला. "एक घास. बाबासाठी."

"बाबा, मरताना हा जीव भ्यायला होता. ते भय मी पोटात घेऊन कुठे हिंडू? आणि मला कमी काय आहे? कुरण हिरवं आहे, नदी भरलेली आहे. तुम्ही हे नदीत सोडून द्या."

"अरे, पण राजाची आज्ञा!"

"राजाला बळकट हत्ती हवा आहे. तो तर मी आहेच."

वेणुक भांडे घेऊन नदीवर गेला. मद्य त्याने पाण्यात ओतले. मग एक गोळा हातात घेतला. तूप बोटांवरून ओघळत होते. लहानपणी दुष्काळात त्याने झाडाची साल चघळून दिवस काढले होते. एवढे अन्न पाण्यात टाकायला त्याचा हात धजेना. इकडेतिकडे पाहून त्याने तो गोळा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. पाचवा संपेपर्यंत सूर्य डोक्यावर आला होता. तो कसाबसा घरी आला आणि आडवा झाला.

पुढे हे रोजचेच झाले. भद्रदंताला त्याच्या श्वासावरून सगळे कळत होते. तो म्हणे, "बाबा, नदीत सोडा ना." वेणुक म्हणे, "उद्यापासून." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणे.

उत्पलेला मात्र काही उमजेना. तिने केलेले मुगाचे कढण तसेच राही. चाकवताची भाजी, जी वेणुक पातेले पुसून खात असे, तिला तो हातही लावीना. महिन्याभरात तो फुगला. पहाटे उठेना, नदीवर अंघोळ करीना. दोन पावले चालला की धाप लागे, म्हणून भद्रदंत एकटाच कुरणात जाऊ लागला. शेवटी एके दिवशी ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"मला एकदा खरं सांगा. जेवायला कुठे जाता? कोण आहे ती वाढणारी?"

"अगं उत्पले, काहीतरीच काय!"

"काहीतरी कसं? घरचं गोड लागत नाही आणि अंग तर कणगीसारखं भरतंय. वाऱ्यावर का जगता?"

तेव्हा वेणुकाच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने सारे सांगितले. ऐकून तिने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, पोट आहे का उकिरडा?"

"अन्न आहे ते, उत्पले. टाकू कसं?"

"पाण्यात टाकवत नाही, आणि स्वतःत बरं टाकवतं!"

पण सांडलेला दाणा वेचून तोंडात टाकणारी तीही होती. तिच्या बोलण्याला म्हणावे तसे बळ आले नाही. ती म्हणाली, "खड्डा करून पुरू." वेणुक म्हणाला, "कुत्री उकरतील, राजापर्यंत जाईल, आपला भद्र जाईल." या शेवटच्या शब्दाने तिने खड्ड्याचा विचार सोडला. उलट त्या दिवशी तिनेच भद्रदंताला बजावले, "कुणापुढे काही बोलू नकोस हो. तुला माझी शपथ." भद्रदंताने आईचा शब्द मोडला नाही, पण त्या दिवशी त्याने ऊस अर्धाच खाल्ला.

पावसाळा सरता सरता वेणुकाचे पाय सुजून खांबासारखे झाले. डाव्या पायाला जखम झाली, ती भरेना. उत्पलेने वैद्य आणला आणि त्याच्या कानावर सारे घातले. म्हाताऱ्या वैद्याने पाय दाबून पाहिला. त्याच्या बोटाचा खळगा तसाच राहिला. त्याने विचारले, "माहुता, हत्तीला हा खुराक पचेल. तू कोणत्या जातीचा हत्ती?"

वेणुक हसला नाही. वैद्य उत्पलेला बाजूला घेऊन म्हणाला, "औषधाने काही होणार नाही. हे खाणं आज थांबलं तर माणूस वाचेल. येत्या अमावास्येपर्यंत थांबलं नाही, तर मला बोलावू नकोस."

दुपारी उत्पला नदीवर गेली. भद्रदंत पाण्यात उभा होता. ती काठावर बसली. मग म्हणाली, "भद्रा, मी घातलेली शपथ परत घेते."

"आई, मी बोललो तर मला दुसऱ्याच्या हाती देतील."

"देऊ देत. मी वेडी, दोघांनाही धरून ठेवायला गेले आणि एकाचा जीव घालवत बसले. तू दूर राहिलास तरी जिवंत राहशील, बाळा. हे तर माझ्या डोळ्यांसमोर मरताहेत." बोलता बोलता ती रडू लागली. भद्रदंताने पाण्याबाहेर येऊन ओली सोंड तिच्या खांद्यावर ठेवली.

तीन दिवसांनी राजा हत्तींची पाहणी करायला आला. मैदानात नगरजन जमले. भद्रदंताची कातडी तजेलदार होती, डोळे निर्मळ होते, पावले हलकी पडत होती. राजा फार खूश झाला.

"पाहिलंत? खुराकाची ही किमया!" तो म्हणाला. "आजपासून हा राज्याचा मंगलहत्ती. याच्या पाठीवर सोन्याची झूल घाला. आणि उद्यापासून आपल्या शंभरही हत्तींना हाच खुराक सुरू करा."

सेवक झूल घेऊन पुढे आले. भद्रदंत मागे सरला. वेणुक काठीच्या आधाराने जवळच उभा होता, त्याच्यासमोर तो गुडघे टेकून बसला. त्याचा सुजलेला पाय त्याने सोंडेने अलगद उचलला आणि सर्वांना दिसेल असा धरला. गर्दीत उत्पलेने पदराचा बोळा तोंडात धरला.

"महाराज," भद्रदंत म्हणाला, "तुमच्या खुराकातला एक घासही मी खाल्लेला नाही. मी गवत खातो, चालतो, नदीत न्हातो आणि वेळेवर झोपतो. तुमचा खुराक ज्याने खाल्ला तो हा. आम्हां दोघांना एकदा नीट पाहून घ्या, मग शंभर हत्तींचं ठरवा."

राजा संतापाने लाल झाला. "म्हणजे माझी आज्ञा मोडली?"

"मोडली ती मी. शिक्षा मला करा. झूल नको, मंगलहत्तीचा मान नको. मला हवं तर ओझी वाहायला लावा. पण या माणसाला अन्न टाकवत नाही, म्हणून तो मरतो आहे. ते भांडं एवढं थांबवा."

"आणि तू रे?" राजा वेणुकाकडे वळला. "तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं, महाराज," वेणुक खाली मान घालून म्हणाला. "रोज कळत होतं. उद्यापासून सोडणार होतो."

राजा वेणुकाच्या पायाकडे पाहत राहिला. मग त्याने आसनावर बसल्या बसल्या आपल्या पायांवर पसरलेले रेशमी वस्त्र बाजूला केले. राजाचेही पाय तसेच सुजलेले होते. घोट्यांची हाडे दिसत नव्हती.

"मीही वैद्यांना रोज 'उद्यापासून' असंच म्हणतो," राजा हळूच म्हणाला. मग त्याने विचारले, "हत्तीराज, मी काय करू?"

"फार काही नाही, महाराज. उद्या पहाटे आमच्याबरोबर नदीपर्यंत चाला."

राजा खरोखरच आला. अर्ध्या वाटेतच चारदा बसला आणि चारही वेळा म्हणाला, "आता परत जाऊ." वेणुकही बसत उठत चालत होता. त्या दोघांची चाल पाहून भद्रदंत मुंगीच्या पावलांनी पुढे जाई. नदीवर न्हाणे झाल्यावर उत्पलेने दोघांना एकाच मडक्यातली तांदळाची पेज आणि वाफवलेला चाकवत वाढला.

राजाने एक घोट घेतला. "बाई, मीठ कमी आहे."

उत्पला पदर सावरून म्हणाली, "महाराज, मीठ बरोबर आहे. भूक कमी आहे. उद्या आणखी थोडं चाला."

राजा आधी चकित झाला, मग इतका हसला की पेज सांडली. सांडलेल्या पेजेकडे वेणुकाचा हात गेला. उत्पलेने तो वरच्या वर धरला. "मुंग्यांचं आहे ते. त्यांनाही घर आहे."

झुंज रद्द झाली. बोकडांची रोजची हत्या थांबली आणि भरले भांडे परत पाठवण्यात अपमान नाही, अशी दवंडी नगरात पिटली गेली. मंगलहत्तीचा मान दुसऱ्या हत्तीला मिळाला. भद्रदंत मात्र उत्पलेच्याच दारात राहिला. वेणुकाची जखम हिवाळ्यात भरली. डावा पाय थोडा ओढावा लागे, पण त्या पायाने तो आणखी वीस वर्षे कुरणापर्यंत चालला.

ही कथा भगवान बुद्धांनी एका विहारात सुभूषण नावाच्या भिक्षूच्या उशाशी बसून सांगितली. दात्यांचे मन मोडू नये आणि अन्न वाया जाऊ नये, म्हणून तो भिक्षू भिक्षापात्रातले सारे संपवी आणि आजारी पडे. कथा संपवून भगवान म्हणाले, "सुभूषणा, त्या वेळचा वेणुक तू होतास. तुझ्यासाठी पेज करून आणणारी ही उपासिका धवला, ती उत्पला होती. या विहाराचा दाता श्रेष्ठी, तो राजा विजितसेन. आणि भद्रदंत हत्ती तो मीच."

मग त्यांनी पेजेचे भांडे स्वतःच्या हातात घेतले आणि म्हणाले, "सर्व प्राण्यांवर मैत्री करावी असे आपण रोज म्हणतो. तुझा देहही एक प्राणीच आहे, सुभूषणा. त्याला मैत्रीतून वगळू नकोस." सुभूषणाने अर्धी पेज घेतली, पोट भरल्यावर भांडे खाली ठेवले आणि त्याबद्दल त्याला मुळीच वाईट वाटले नाही. बोधिसत्त्वाच्या या गुणाला मैत्री म्हणतात.