वरच्या अंगाचं पहिलं घर

“परवानगी मागायला आलोय असं वाटलं काय तुम्हाला, बुवा?”

केरबा खोराटे ओढ्याच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभा होता. पाठीमागं मुरमाचे सहा ढीग आणि सिमेंटच्या दोन नळ्या. माणूस वाकून आत शिरेल एवढ्या मोठ्या.

“मग कशाला आलास?” सिद्धूबुवांनी विचारलं.

“नारळ वाढवायला न्यायला आलोय. तुमच्या हातनं मुहूर्त करायचा. बाकी सगळं ठरलंय.”

बुवांनी नारळ घेतला, कानाशी धरून हलवला, आणि खाली ठेवून दिला.

सिद्धूबुवा म्हणजे भगव्या कपड्यातले बुवा नव्हेत. बावीस वर्षं रस्त्यावर मैलकुली होते. खड्डे बुजवणं, गटारं उपसणं, हेच काम. म्हातारपणी ओढ्याकाठी पत्र्याची खोली बांधून राहिले. उपदेश करायची खोड नव्हती, म्हणूनच असेल, लोक विचारायला यायचे. केरबा फौजेतून परतल्यापासून त्यांना गुरू मानायचा. दर सोमवारी येऊन अंगण झाडायचा. पण गुरू मानणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. ऐकायचा तो फक्त स्वतःचं.

त्याचं घर पल्याड, रस्ता अल्याड. मधे ओढा. उन्हाळ्यात गाडी खडकावरनं खडखडत जायची, पावसाळ्यात जायचीच नाही. म्हणून त्यानं ठरवलं होतं... ओढ्यात आडवा भराव घालायचा, भरावाच्या पोटात दोन नळ्या, आणि वरनं त्याची जीप.

“झालं? मी बोलू आता?”

ही बायजाक्का कुंभार. भरावाच्या जागेपासून वरच्या अंगाला, ह्याच काठाला, कुंभारांची चार घरं. त्यातलं पहिलं हिचं. पदर खोचून ती मघापासून उभी होती.

“पाणी तुंबलं की पयलं माझ्या चुलीत येणार, केरबा.”

“आक्का, इंजिनिअरनं मोजलंय सगळं.”

“कवा?”

“गेल्या आठवड्यात.”

“वैशाखात?” बायजाक्का खदाखदा हसली. “आरं, वैशाखात माझी शेळी बी ह्यो वढा उडी मारून जाती!”

केरबाचं तोंड लाल झालं.

“मी बांधणार.”

“बांध की. पर माझी चूल इझली, तर तुझ्या सोप्यात यिऊन चूल मांडीन. पोरं, शेरडं, चाक, सगळं घिऊन. मग हाकलून दाव मला.”

“धमकी देतीस?”

“व्हय. देते.”

बुवा दोघांकडं बघत बसले होते. मधे पडले नाहीत.

केरबा त्यांच्याकडं वळला. आवाज चढलेला, पण मधेच फाटला.

“दोन वर्षांमागं, बुवा... श्रावणात. सुनेला कळा सुरू झाल्या. गाडी ह्या काठाला हॉर्न वाजवत उभी. आम्ही पल्याड, छातीएवढ्या पाण्यात दोर धरून. सकाळपासनं दिवस मावळेस्तोवर पाणी उतरलं नाही. बाळ गेलं. पोरगी होती.”

बायजाक्कानं खोचलेला पदर सोडला.

“आता परत दिवस गेलेत. सहावा लागलाय. आई-बाप नाहीत तिला, माहेरी कुणाकडं धाडू? पोरगा सरहद्दीवर. आणि बाळंतपण परत श्रावणातच. मला कुणी शहाणपण शिकवू नये. पूल पायजे म्हंजे पायजे!”

खोटं कशाला सांगू, बुवांच्या अंगणात बसून हे ऐकणाऱ्या मलाही त्या घडीला वाटलं, द्यावा एकदाचा बांधू.

बुवा उठले. काठावरच्या जांभळाखाली गेले आणि वर बोट केलं.

“ते काय अडकलंय रे?”

दोन फांद्यांच्या बेचक्यात वाळलं गवत, एक चिंधी आणि तुटकी टोपली होती. केरबानं हात वर केला. पुरला नाही. टाचा उंचावल्या. तरी पुरला नाही.

“कुणी टांगलं?”

“...ओढ्यानं.”

“आणि तुझा भराव?”

“माझ्या खांद्याएवढा.”

“नळ्या दोन.”

“दोन पुरतात! कागदावर हिशेब हाय.”

बुवांनी आपले दोन्ही तळवे त्याच्यापुढं धरले. नखं काळी, बोटं वाकडी.

“बावीस वर्षं नळ्यांतनं काय काय उपसलं ह्या हातांनी... बाभळीची खोडं, मेलेली वासरं, एकदा अख्खा दरवाजा. एक खोड आडवं बसलं की नळी संपली. मग नुसती भिंत राहते.”

“मी उपशीन.”

“पुरात?”

“पुरात! फौजेत होतो मी. मला पाण्याचं भ्या नाही आणि माणसाचंही नाही.”

“ते दिसतंय.”

“मग तुम्हीच सांगा कसा बांधू.”

“ह्या काठापासनं त्या काठापर्यंत मोकळा. गवत अडकलंय त्याच्या वरनं. ओढ्यात पाय रोवायचा नाही. भराव घालायचा नाही. नळ्या परत दे.”

“त्याला पुढचा उन्हाळा उजाडेल!”

“उजाडू दे.”

“आणि श्रावणात? श्रावणात काय करू?”

बुवा ओढ्याकडं बघू लागले.

“बघा! तोंड मिटलं ना?” केरबा आता पेटलाच. “सगळ्यांना सगळ्यांचं पडलंय. माझ्या सुनेचं कुणाला पडलंय? तुम्हाला न्हाई, हिला न्हाई. मग मी का म्हणून कुणाच्या चुलीचं बघू?”

त्यानं वाकून नारळ उचलला आणि बुवांच्या पुढ्यातल्या दगडावर असा आपटला, की एक भकल थेट ओढ्यात गेली.

“झाला मुहूर्त. उद्या ट्रॅक्टर लागतोय.”

त्यानं पहिल्यांदाच गुरूच्या तोंडाला तोंड दिलं होतं. आता बुवा शाप देतात की काय, असं वाटून बायजाक्कानं तोंडावर पदर धरला.

बुवांनी खाली वाकून उरलेली भकल उचलली, खोबरं काढलं, एक तुकडा तोंडात टाकला, एक बायजाक्काला दिला.

“गोड आहे,” ते म्हणाले. “बांध, केरबा. दोन नळ्या घालूनच बांध. मी आड येत नाही.”

“बुवा!” बायजाक्का ओरडली. “आवो, आमी मरायचं काय?”

बुवांनी तिला हातानंच थांबवलं.

“एकच कर. मिरग लागला की सुनेला हिच्या घरात आणून ठेव. बाळंत होईस्तोवर.”

केरबाला कळेना.

“हिच्या घरात?”

“वरच्या अंगाचं पहिलं घर. रस्ता दारातनं जातो. गाडी उंबऱ्याला लागते. मधे ओढा नाही... तुला तेच पायजे होतं ना?”

“माझी सून दुसऱ्याच्या दारात बाळंत होणार? माझं घर असताना?”

“माझी ना न्हाई,” बायजाक्का फटकन म्हणाली. “बारा बाळंतपणं केल्यात ह्या हातांनी. आतली खोली दीन. भांडाण तुझ्यासंगं हाय, तिच्यासंगं न्हाई. लेकीगत बघीन.”

केरबा वळला.

त्यानं बायजाक्काच्या घराकडं बघितलं. मातीच्या भिंती. जोतं वीतभर उंच. दारापासून ओढा पन्नास पावलं.

मग नळ्यांकडं बघितलं.

बराच वेळ नळ्यांकडंच बघत राहिला...

“मिरगापासनं, म्हणता,” तो पुटपुटला.

“मिरगापासनं.”

“श्रावणभर.”

“श्रावणभर.”

केरबा मटकन मुरमाच्या ढिगावर बसला. खांदे उतरले. इतका वेळ तारस्वरात चाललेला आवाज आता कान देऊन ऐकावा लागत होता.

“बुवा... तिथं पाणी शिरलं तर?”

बुवा त्याच्याजवळ गेले. पाठीवर हात ठेवला.

“भ्यालास? ... बरं झालं. आता बांध पूल, त्या गवताच्या वरनं.”